ताटाभोवतीची रेघ

रमजानच्या महिन्यात जुन्या नाशकात, भद्रकाली आणि दूध बाजाराच्या बाजूला, सूर्य मावळायच्या सुमाराला रस्ता भरून येतो. खजूर, भजी, कापलेली फळं मांडलेली असतात आणि मगरिबची अजान कानावर पडेपर्यंत रोजेदार घोटभर पाणीही पीत नाहीत. त्याच वेळी शहरातल्या एखाद्या जैन घरात नेमकी उलटी घाई असते. चौविहार पाळणाऱ्या आजींना सूर्य बुडायच्या आत जेवण उरकायचं असतं. एकदा अंधार पडला की सकाळपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. सूर्य एकच, एका घरातलं जेवण त्याच्या मावळण्यानं सुरू होतं आणि दुसऱ्या घरातलं संपतं.

शरीर चालवणं एवढंच अन्नाचं काम असतं, तर माणसानं एवढा खटाटोप केला नसता. काय खायचं, काय नाही, कधी, कुणाच्या हातचं, कुणाच्या शेजारी बसून, हे सगळं ठरवून ठेवायची गरजच पडली नसती. जगातल्या बहुतेक समाजांनी ते ठरवून ठेवलंय. का ठेवलंय, हे समजून घ्यायला नाशिकसारखा जिल्हा हाताशी असणं मी भाग्याचं समजतो. तीर्थक्षेत्र, कांद्याची बाजारपेठ, द्राक्षबागा, डोंगरातले आदिवासी पाडे आणि आंबेडकरी चळवळीच्या दोन मोठ्या घटना एवढं सगळं इथे एकाच जिल्ह्यात आहे.

आधी चवीचं बघू. चव आपण निवडत नाही, ती आपल्याला लागते, आणि फार लवकर लागते. बाळ पोटात असताना आईच्या जेवणाचा स्वाद गर्भजलातून त्याच्यापर्यंत पोचतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस प्यायला दिला होता. पुढे त्यांची बाळं वरचं अन्न खाऊ लागली, तेव्हा गाजराच्या चवीची पेज त्यांना इतर बाळांपेक्षा जास्त रुचली. काळ्या मसाल्याच्या रश्श्याची ओढ किंवा नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीची सवय ही अशी बोलता यायच्या आधीपासूनची असते. म्हणून ‘आपलं जेवण’ इतकं खोलवर आपलं वाटतं.

किळससुद्धा अशीच शिकलेली असते. सुकट भाजल्याच्या वासानं एकाच्या तोंडाला पाणी सुटतं आणि दुसरा नाकाला रुमाल लावतो. नाक दोघांचं सारखंच असतं, घर वेगळं असतं. दुसऱ्याच्या डब्याकडे बघून ‘शी’ म्हणणाऱ्या माणसाला ती निसर्गाचीच आज्ञा वाटते. खरं तर तो घरी शिकलेलाच धडा म्हणून दाखवत असतो.

आता कांदा घ्या. लासलगाव ही देशातली कांद्याची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. निफाड, येवला, चांदवड, सटाणा या भागांत घराशेजारी कांद्याची चाळ असते आणि मुलांच्या फीपासून लग्नापर्यंत सगळं त्या चाळीतल्या मालाच्या भावावर ठरतं. त्याच जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत चातुर्मासात कांदा-लसूण आणि वांगं बंद होतं. आषाढी एकादशीच्या आधी दोन दिवस, शुद्ध नवमीला, कांदेनवमी येते. त्या दिवशी कांद्याची भजी, थालीपीठं, झुणका, जे जमेल ते पोटभर खाऊन घ्यायचं आणि मग कांद्याला चार महिने रजा.

हा नियम का, असं विचारलं की हल्ली लगेच उत्तर येतं: पावसाळ्यात पचनशक्ती मंद असते, आपल्या पूर्वजांचं विज्ञान होतं ते. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच देवळात आहे. मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते. ओझरला खंडोबाची मोठी यात्रा भरते. खंडोबाला त्या दिवशी नैवेद्य असतो बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत आणि पातीचा कांदा. चार महिने टाळलेल्या त्याच दोन गोष्टी देवाच्या पुढ्यात मानानं येतात, तळी भरली जाते, ‘सदानंदाचा येळकोट’ होतो, आणि त्यानंतर बऱ्याच घरांत वांगं-कांदा पुन्हा सुरू होतो. विठ्ठलाच्या एकादशीला जो कांदा चालत नाही तो खंडोबाला लागतोच. प्रश्न नुसत्या पचनाचा असता तर देव बदलल्यावर भाजी बदलली नसती. वणीच्या गडावर सप्तशृंगीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला जातो आणि त्याच गडावर दसऱ्याला बोकडबळीची जुनी प्रथाही आहे. ती काही वर्षं बंद होती. आदिवासी भाविकांच्या वतीनं दाद मागितल्यावर २०२२ साली उच्च न्यायालयानं तिला परवानगी दिली. एकच देवी, पण भक्त वेगवेगळे, म्हणून नैवेद्यही वेगवेगळे.

अभ्यासकांमध्येही हा वाद रंगलेला आहे. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ साली मांडलं की, खाण्यावरची बंधनं आरोग्यासाठी नसून जगाची वर्गवारी करण्यासाठी असतात. जे कुठल्याच कप्प्यात नीट बसत नाही ते निषिद्ध ठरतं. उलट मार्विन हॅरिस या अमेरिकी अभ्यासकाचं म्हणणं होतं की धर्माच्या नियमामागे बहुतेक वेळा पोटापाण्याचा हिशोब असतो. बैल शेतीला लागतो म्हणून गाय जपायची, आणि वाळवंटी मुलखात डुक्कर पाळणं परवडत नाही म्हणून ते टाळायचं. माझ्या मते नियम कसा सुरू झाला हे सांगायला हॅरिस बरे पडतात. पण कारण संपल्यावरही तो शेकडो वर्षं का टिकतो, हे डग्लस यांच्याकडूनच कळतं. नियम पाळणाऱ्यांना त्यातून ‘आपण कोण’ हे रोज नव्यानं सांगता येतं, म्हणून तो टिकतो.

उपासाचं ताट हा तर याचा सगळ्यात सुंदर पुरावा. साबुदाण्याच्या खिचडीकडे जरा बारकाईनं बघा. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटाही तिथलाच, अँडीज पर्वतातला. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला. हिरवी मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आली. तामिळनाडूत सेलमच्या आसपास साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले ते १९४०च्या दशकात. तूप, जिरं आणि मीठ सोडलं तर त्या कढईतलं जवळजवळ काहीच पाचशे वर्षांपूर्वीच्या एकादशीला कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि या मातीत हजारो वर्षं पिकणारे गहू, तांदूळ, ज्वारी मात्र उपासाला चालत नाहीत!

यात कुणाची फसवणूक झाली असं मी मानत नाही. उपासाचा नियम होता रोजचं मुख्य धान्य सोडण्याचा. परदेशातून आलेले पदार्थ त्या यादीत नव्हते, म्हणून ते सहज आत आले. उत्तरेत कुट्टूचं आणि शिंगाड्याचं पीठ चालतं, आपल्याकडे राजगिरा आणि भगर. कोथिंबीर चालते की नाही, यावर तर एका वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांतही एकमत नसतं. ऋषिपंचमीला आणखी वेगळी रीत आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातल्या भाज्यांची ती एकत्र भाजी होते. पदार्थ कुठला हे त्या त्या वेळेनं ठरवलं. श्रद्धा आहे ती सोडण्यात.

आणि भगरीची गोष्ट सांगितल्याशिवाय नाशिकचं पान पुरं होत नाही. एकादशीला, महाशिवरात्रीला राज्यभर जी भगर शिजते तिचा मोठा वाटा नाशिकच्या भगर गिरण्यांमधून जातो. या गिरण्यांना वरई पुरवणाऱ्या भागांत इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा इथले डोंगरउतार आहेत. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर शेतकरी ती पिकवतात. पावसाळ्यात त्या उतारावर नागली आणि वरईची लावणी वाकून, हातानं होते. तिथे नागली-वरई हे उपासाचं अन्न नाही. पिढ्यान्पिढ्या ते रोजचं जेवण होतं. नागलीची भाकरी, उडदाचं भुजं, पावसाळ्यात रानभाज्या. कोकणा आणि वारली समाजांत धान्याची देवी आहे, कणसरी. नवं पीक घरात आलं की आधी ते देवाला, पूर्वजांना द्यायचं आणि मगच स्वतः तोंडात घालायचं.

शहरातला माणूस ज्या दिवशी ‘आज मी धान्य खाल्लं नाही’ म्हणून वरईचा भात खातो, त्याच दिवशी पेठच्या एखाद्या पाड्यावर वरई हेच धान्य असतं, देवीच्या रूपातलं धान्य. दाणा एकच, अर्थ दोन. पुढे रेशनवर स्वस्त तांदूळ मिळू लागला तसा पाड्यांवरही भात वाढला आणि नागली मागे पडली. तरुण पोरांना काळी भाकरी गरिबीची खूण वाटायला लागली. मग २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष आलं, नागलीची बिस्किटं शहरातल्या दुकानांत चकचकीत पाकिटांत दिसायला लागली आणि तीच काळी भाकरी आरोग्याची झाली. नागली बदलली नव्हती. बदलली ती खाणाऱ्यांची पत. हा मान ज्यांनी ती जपली त्यांना परत मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं, नुसता पाकिटावरच्या चित्रात नव्हे, भावातसुद्धा.

इथवर आपण काय खायचं ते पाहिलं. त्याहून कडक असतं ते कुणाबरोबर आणि कुणाच्या हातचं खायचं. मॅकिम मॅरियट या अमेरिकी अभ्यासकानं उत्तर भारतातल्या खेड्यात कोणती जात कुणाकडून कोणतं अन्न घेते याचे तक्ते मांडले होते. त्या देवघेवीवरून गावातली उतरंड सरळ वाचता येत होती. आपल्याकडेही रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे शब्द जोडीनंच येतात. सोवळ्याच्या घरात पाण्यात शिजलेलं धान्य, म्हणजे भात-पोळी, खरकटं मानलं जाई. भाजलेलं, तुपात तळलेलं किंवा दुधात कालवलेलं तसं मानत नसत. म्हणून प्रवासाला निघताना दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या बांधून देत, लाह्या आणि लाडू देत. परगावी कुणाच्या हातचं खायचं हा प्रश्नच उरू नये, अशी ती तजवीज. आज आपण दशमीला प्रवासात टिकणारा पदार्थ म्हणतो. तिच्यामागे टिकाऊपणाबरोबर जातीची भीतीही होती, हे सांगायला हवं.

या व्यवस्थेच्या अगदी खालच्या टोकाला ज्यांना ठेवलं होतं त्यांच्या वाट्याला गावची उरलेली भाकर आणि मेलेल्या जनावराचं मांस येई. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे दोन्ही सोडायला सांगितलं. एरवी माणसं खाऊन आपली ओळख सांगतात. इथे एका समाजानं नकार देऊन ती घडवली. भूक असताना हात आखडता घेणं याला किती धैर्य लागलं असेल याचा विचार करा. त्याच महाडला त्यांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पुढे २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते तो वर्षानुवर्षं लढवत राहिले आणि दार काही उघडलं नाही. देवळात शिरता येत नाही याचा अर्थ देवापुढचा प्रसादही आपला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं.

सहभोजनं तेव्हाही होत होती. समाजसुधारक अनंत हरी गद्रे झुणका-भाकरीचा सत्यनारायण घालत, पूजेला दलित जोडपी बसवत आणि सगळ्यांना तोच प्रसाद देत. कोल्हापुरात शाहू महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात जाहीरपणे चहा पीत. बाबासाहेबांना मात्र सहभोजन अपुरं वाटे. जात मोडायची तर रोटीव्यवहार पुरे होणार नाही, बेटीव्यवहार व्हायला हवा, असं त्यांनी १९३६ साली लिहिलं. आज कुठल्याही मिसळीच्या दुकानात रविवारी शेजारच्या बाकावर कोण बसलंय आणि आत तर्री कुणी केलीय हे कुणी विचारत नाही. रोटीव्यवहार बाहेर तरी सुटला. लग्नाच्या जाहिराती वाचल्या की बाबासाहेबांचं म्हणणं किती नेमकं होतं ते कळतं.

पण अन्न रेघा ओढतं तसंच त्या पुसतंही, आणि त्याची रीत आपल्याच भागवत धर्मात आहे. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी. पौष वद्य एकादशीला तिथे राज्यभरातून दिंड्या येतात. सप्ताहाची सांगता होते काल्याच्या कीर्तनानं, आणि दही, लाह्या, पोहे कालवून केलेला काला एकमेकांच्या हातून, एकमेकांच्या तोंडात घालून खायचा असतो. उष्टं-खरकटं हा सगळा विचारच त्या घासात मोडतो.

गोदावरीतल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात महाप्रसाद आमटी-भाकरीचा असतो. आसपासच्या गावांतून घरोघरच्या भाकरी गोळा होऊन येतात. ट्रॅक्टरमधून उतरल्यावर त्यांची रास लागते, बाजरीच्या, ज्वारीच्या, कुणाच्या जाड, कुणाच्या कडेला करपलेल्या. मोठमोठ्या कढयांत आमटी उकळत असते. पंगतीत बसलेल्याच्या हातात पडलेली भाकर कुठल्या गावच्या, कुठल्या जातीच्या बाईनं थापली हे शोधायला जागाच राहत नाही. हे रोजच्या जगण्यात का उतरलं नाही, हा प्रश्न वारकऱ्यांनीही स्वतःला पुष्कळदा विचारलाय. तरी गावानं मिळून केलेली ही ताकदीची गोष्ट आहे.

मेलेल्यांनाही आपण जेवू घालतो. रामकुंडावर दशक्रियेला पिंड मांडला की घरचे सगळे कावळ्याकडे डोळे लावून बसतात. तो शिवला नाही की कुणीतरी पुढे होऊन हलक्या आवाजात म्हणतं, ‘काळजी करू नका, मुलांचं आम्ही बघू.’ मृताची इच्छा राहिली असेल ती ओळखायचा तो प्रयत्न असतो. अन्न इथे बोलण्याचं साधन होतं, ज्याच्याशी आता बोलता येत नाही त्याच्याशी. पितृपक्षात खीर, वडे, कढी, गवारीची भाजी असा स्वयंपाक होतो. कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा या कसमादे पट्ट्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात, पितरांच्या नावानं निखाऱ्यावर घास, म्हणजे आगारी, टाकतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस करतात, आणि त्याच सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात. गेलेले आणि दूर गेलेल्या, दोघांनाही एकाच जेवणाला बोलावणं असतं. एकनाथांची कथा याच संदर्भात सांगितली जाते. श्राद्धासाठी केलेला स्वयंपाक त्यांनी वासानं भुकावलेल्या, अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या माणसांना आधी वाढला. पितरांच्या पंगतीत कुणाला बसवायचं, एवढ्या एका कृतीनं त्यांनी पैठणच्या पंडितांना प्रश्न विचारला.

धर्म बदलला की जेवण बदलतंच असंही नाही. नाशिकचं शरणपूर ही एकोणिसाव्या शतकातली मिशनरी वसाहत. तिथल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू होतात. केकही असतो, पण डबे भरतात ते फराळाचे, आणि शेजाऱ्यांकडे ताटं जातात तीही फराळाचीच. प्रार्थना बदलली, करंजीची मुरड तीच राहिली.

हे सगळं पाहिल्यावर एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या ताटाभोवती रेघ ओढणं हे व्रत आहे. त्याला मी मान देतो, मग तो रोजा असो, चौविहार असो की चातुर्मास. तीच रेघ दुसऱ्याच्या ताटाभोवती ओढली की ती सत्ता होते. ‘मांसाहारींना फ्लॅट मिळणार नाही’ असं जेव्हा सोसायटी सांगते, तेव्हा भाजी-मटणाच्या आडून जात आणि धर्म विचारला जातो. नाव सांगितल्याबरोबर घरमालकाचा चेहरा बदललेला ज्यांनी अनुभवलाय त्यांना हे समजावावं लागत नाही.

शाळेतल्या अंड्याचा वाद नेमका इथेच येऊन थांबतो. राज्यात शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ठरलं. अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं मिळणार होतं. विरोध झाला, आणि २०२५च्या जानेवारीत शासनानं त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. सुरगाण्याच्या आश्रमशाळेतल्या मुलीला लागणारी प्रथिनं आणि शहरातल्या एखाद्या घराचं शाकाहाराचं व्रत, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मूळ निर्णयात दोघांचीही सोय होती. ज्यांच्या मुलांना केळं मिळणारच होतं, त्यांच्यासाठी दुसऱ्यांच्या मुलांचं अंडं काढून घ्यायचं काही कारण नव्हतं. तो निधी परत सुरू व्हावा.